नोकरीचा दुखवटा

॥ श्री ॥

सिडको, नाशिक
भाऊबीजेनंतरचा गुरुवार, २००६

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी नाशिकच्या धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोमनाथचा, दंडवत.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुम्ही खुशाल आहात याची मात्र खात्री आहे, कारण परवाच भाऊबीजेला तुम्हाला डोळ्यांनी पाहिलं. ताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, भावाला ओवाळायला एवढी उठबस करायची नाही, भाऊ कुठे पळून जात नाही. (जाणार तरी कुठे?) तुमच्या आईंची तब्येत उत्तम दिसली. मी ओट्यावर चप्पल काढत होतो तेवढ्यात त्यांनी "पाव्हनाले काम शे का नही?" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, त्यावरून छाती आणि घसा दोन्ही शाबूत असल्याचं कळलं. चाळीत साठवलेला कांदा काय म्हणतो? आता कोंब फुटायला लागले असतील.

पत्राचं निमित्त असं की, तुम्ही जेवताना जे बोललात त्याचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं. तुम्ही म्हणालात, "सोमनाथ, ओझरला माझ्या ओळखीच्या वर्कशॉपात बोलून ठेवलंय. सोमवारी हजर व्हायचं. आन् तुझा तो भत्ता या महिन्यात संपतोय ते बरंच झालं. भत्त्याला मुदत पाहिजेच, नाय तर माणूस बसून खातो." त्या वेळी माझ्या तोंडात अख्खी करंजी होती. ती गिळून होईपर्यंत तुम्ही कांद्याच्या भावावर गेला होतात. मग मी हात धुवायला उठलो आणि मोरीत बराच वेळ हातच धूत राहिलो. (ताईला वाटलं हात तेलकट आहेत, तिने साबण आणून दिला.) फोनवर बोललो असतो, पण फोनवर हल्ली माझा आवाज फुटतो. पत्राचं बरं असतं, त्यात अक्षर तेवढं वाकडं येतं.

तर दाजी, आमचा अंबडचा बोल्टचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला आणि गेटला कुलूप लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कामगार विम्याच्या खात्यातून सरकार मला सहा महिने अर्धा पगार देतं, हेही ठाऊक आहे. तो या महिनाअखेरीस बंद होणार, हे तर तुम्हाला माझ्याआधी ठाऊक होतं. पण 'बसून खातो' हे तुम्ही एकदा नाशिकला येऊन माझ्या बिल्डिंगीत म्हणून दाखवा. बसायला मिळालं असतं तर मी तुमचे पाय धुऊन पाणी प्यायलो असतो. पहिल्या महिन्यात शेजारीपाजारी माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि सुवर्णाला वाटीभर भाजी आणून द्यायचे. दुसऱ्या महिन्यात भाजी थांबली आणि सल्ले सुरू झाले. (पोल्ट्री टाका, झेरॉक्स टाका, रसवंती टाका. काय टाका ते सगळे सांगतात, कुठून टाका ते कोणी सांगत नाही.) त्यानंतर 'तसे तुम्ही घरीच असता' या वाक्याने सुरू होणारी कामं आली. समोरच्यांची गॅसची टाकी उतरवून घ्यायची, खालच्यांच्या वीजबिलासाठी रांगेत उभं राहायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डोळे तपासायला न्यायचं. त्या आजींनी डॉक्टरांना माझी ओळख 'हा आमचा रिकामा' अशी करून दिली. डॉक्टरांनीही मान डोलावली, जणू प्रत्येक बिल्डिंगीला एक देतात. सरकारने निदान सहा महिने तरी धीर धरला, लोकांची कणव त्याच्या कितीतरी आधी आटली.

मी हातपाय हलवले नाहीत असंही नाही. सुवर्णाचे वडील, भिमाजीमामा, मखमलाबादला भाजी आणि फुलं पिकवतात हे तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याच्या आधी त्यांनी मला द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या देऊन बसवलं. काम सोपं, ओरडायचं आणि विकायचं. पण माझा सगळा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला. बोल्ट उचलायचा, गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. हाताला दुसरं काही येतच नाही. मी पाटीतली एकेक जुडी उचलून बघायला लागलो आणि थोड्या वेळात माझ्या पाठीमागे रिजेक्ट मालाचा ढीग झाला. एक बाई पास झालेल्यातली जुडी उचलून पैसे काढत होती, तर मी तिला म्हणालो, ती राहू द्या, हिचे देठ आतून काळे पडलेत, माझ्या नजरेतून सुटली होती. बाईने ती ठेवली, बाकीच्याही ठेवल्या, आणि पुढच्या दोघींना घेऊन निघून गेली. पाठीमागचा ढीग तोवर दोन गाईंनी पास केला होता. मामा आले, त्यांनी गाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हनं, माल इकायला बसवलं का नापास करायला?" मी म्हणालो, मामा, माल गेजमध्ये बसत नाही.

ते रागावले नाहीत हेच वाईट झालं. त्यांनी मला चहा पाजला, धोतर सावरून स्वतः पोत्यावर बसले आणि उरलेला माल हाका मारून मारून विकला. त्यांच्या पाठीला बाक आलाय, दाजी. भर उन्हात म्हातारा ओरडतोय आणि धडधाकट जावई बाजूला उभा, असं द्वारकेवरच्या सगळ्या रहदारीने बघितलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवलो नाही. सुवर्णाने ताट झाकून ठेवलं, तिला वडिलांनी कळवलं असावं.

रिकाम्या माणसाकडे सगळ्यात शेवटी मयती येतात. बिल्डिंगीतले सगळे शिफ्टला, म्हणून 'आमच्यातर्फे तुम्हीच जाऊन या' असं करत करत मी या उन्हाळ्या-पावसाळ्यात इतक्या जणांना पोहोचवून आलो, की अमरधामातला लाकडंवाला मला आता नमस्कार करतो. त्यातली एक मयत मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या कारखान्यात माझ्या टेबलाशेजारच्या मशीनवर जयराम होता, आमच्या घरी जेवायला आलेला तुम्हाला आठवत असेल, हसला की भिंत हलायची तो. कुलूप लागलं त्या दिवसापासून जयराम घरात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. दाढी वाढली, आंघोळीला उठेना, बायको बोलून थकली, मी जाऊन बोलून थकलो. आणि गणपतीनंतर त्याची आई, चतुराबाई, गेली. म्हातारी नव्वदीला टेकलेली होती, झोपेतच गेली, सोनं झालं म्हणाले सगळे.

दहाव्याला नाशिकच्या गंगेवर न्हाव्याने जयरामचं डोकं आणि दाढी केली, तेव्हा आम्ही त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी पाहिला. तेराव्याला सोयरे दुखवटा घेऊन आले. ज्याच्या त्याच्या हातात टॉवेल-टोपी. त्याच्या म्हाताऱ्या मावशाने, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "झालं ते लय वाईट झालं, जयराम. आता पुरे. ऊठ." मग सगळ्यांनी बळेबळे त्याच्या तोंडात शिऱ्याचा घास घातला. आणि जयराम जो रडायला लागला तो कोणाला आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आंघोळ केली आणि भाड्याची रिक्षा घेऊन द्वारकेवर जाऊन उभा राहिला. लोक म्हणतात, आई गेली आणि पोरगा जबाबदार झाला. लोकांना काय कळतंय? आई गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. टोपी घातल्यावर तो रडला ते कारखान्यासाठी रडला. मला कळलं, कारण मीही मांडवाच्या खांबाला धरून रडत होतो, आणि चतुराबाई तर माझी कोणी नव्हती. खरं सांगतो दाजी, मला त्याचा हेवा वाटला. आमचे आई-बाबा आधीच गेलेले, त्यामुळे माझ्याकडे ती सोयही उरलेली नाही. (हे वाक्य ताईला वाचून दाखवू नका.)

आता तुमच्या मुदतीबद्दल. चाळीत कांदा भरून तुम्ही भावाची वाट बघता, त्याला व्यापार म्हणतात. मी घरात भावाची वाट बघतो, त्याला बसून खाणं म्हणतात. तुमच्या कांद्याला कोणी विचारतं का, की मुदत संपली, आता मातीमोल का होईना, नीघ? (विचारत असतील तर माझे शब्द मागे घेतो, मला त्यातलं कळत नाही.) आणि ओझरचं काम माझंच काम आहे, बोल्ट आणि गेज, हे मला समजतं. पगार कमी आहे त्याचंही मला काही नाही. पण मी तिथे सोमवारी गेलो म्हणजे आमचा कारखाना मेला. आज तो बंद आहे. मी दुसऱ्याचा गेज हातात घेतला की तो मेला, आणि मेल्याची सही माझी. म्हणून माझं म्हणणं असं की भत्त्याला मुदत नसावी. ज्याचं गेलं त्याला आतून उठावंसं वाटेपर्यंत द्यावा. तेव्हा त्या वर्कशॉपवाल्यांना कळवा की सोमनाथ येणार नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, तो खाली पडतो आहे, याची मला फार लाज वाटते. राग मानू नका.

ताईला नमस्कार. आईंना नमस्कार, आणि त्यांनी पुन्हा विचारलंच तर सांगा, नही शे.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. पत्र पोस्टात टाकत नाही, उशीर होईल. तुमचा कांद्याचा ट्रक द्वारकेवर थांबतो, त्याच्या ड्रायव्हरकडे जयराम रिक्षातून नेऊन देईल. वरचं सगळं काल लिहिलं होतं. सुवर्णाने ते वाचलं. मग विचारलं की भत्ता कायमचा मिळाला तर तुम्ही कायमचे असेच बसणार का. या खेपेला माझ्या तोंडात करंजीही नव्हती.

ता. क. २. मुदत पाहिजे, दाजी. तुमचं बरोबर आहे. सुतकालासुद्धा असते, नाहीतर माणूस मेलेल्याच्या मागे मागे जात राहील. पण सुतकाची मुदत संपते त्या दिवशी माणसं घरी येतात, टोपी घालतात, घास भरवतात. भत्त्याची मुदत संपते त्या दिवशी कोणी येत नाही, नुसता भत्ता येत नाही. म्हणून एक मागणं आहे. वर्कशॉपवाल्यांना अजून काही कळवू नका. रविवारी ताईला घेऊन या, आणि येताना एक टॉवेल-टोपी आणा. साधी पांढरी. सुवर्णाला हे सांगितलं तेव्हा ती कडाडली, "जित्या माणसाला दुखवट्याची टोपी? काहीतरी अभद्र बोलू नका!" आज सकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे न बघता म्हणाली, "रव्याचा शिरा करते. दाजींना गोड कमी लागतं ना?"

ता. क. ३. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही दारात आल्यावर गोंधळ नको. आमच्या दारामागच्या खिळ्यावर कारखान्याची निळी टोपी आहे. सुवर्णा ती दर रविवारी धुते, वाळवते आणि परत तिथेच टांगते. दसऱ्याला पूजेला मशीन नव्हतं, तर आम्ही तिलाच हळदकुंकू वाहिलं आणि मामांच्या झेंडूची माळ घातली. ती टोपी आधी खाली उतरवावी लागेल. मी बरेचदा हात नेला, सुवर्णानेही नेला. तेवढं तुम्ही करा, दाजी. आणि मग त्या मावशाने म्हटलं तसं म्हणा. करंजीवर म्हणालात तसं नको, पाठीवर हात ठेवून म्हणा. मी उठेन.