मिमोझा, फिदाल्गु, पिलोतु

॥ श्री ॥
डोकमर्डी, सिल्वासा
१२ जून १९८८

चि. कावेरीस वाळूमामाचे पोटभर आशीर्वाद.

मिमोझा हा शब्द मला एका लाथेला पडला. फिदाल्गु दोन दातांना. पिलोतु सगळ्यात महाग, पोटरीचा लचका आणि चौदा दिवस ताप. तुमच्या विद्यापीठात असा हिशेब कोणी मांडत नसेल, पण माझ्याकडे पोर्तुगीज अशी आली. गाय, घोडा, कुत्रा. एकोणीस वर्षांचा होतो. तुझे आजोबा नंदुरबारकडून ढोरं हाकत इकडे विकायला आले होते. तेव्हा इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. एका फिरंगी साहेबांनी एक गाय घेतली, ती दुसऱ्या कोणाला धार काढू देईना, म्हणून तिच्यासोबत मलाही ठेवून घेतलं. तीन वर्षं राहिलो. धोब्याला, माळ्याला साहेब नुसती टाळी वाजवायचे. मला मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडानं नाव दिलं, मोसु. आज फॅक्टरीच्या बोर्डावर ‘मोसु टॉईज’ आहे ते उगाच नाही. इथं पुण्या-मुंबईचे इंजिनियर ढिगानं आहेत, पण फिरंग्यानं बारसं केलेला माणूस अख्ख्या सिल्वाशात मी एकटा.

आता काम सांगतो. हाम्बुर्गच्या एका कंपनीनं बारा जनावरांचा सेट मागितला आहे. मुठीत मावणारी प्लास्टिकची जनावरं, आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचं नाव पाच भाषांत. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज. चिठ्ठी चिकटवायची नाही, पोरं चाटतात. नाव डायमध्येच कोरायचं, म्हणजे साच्याच्या पोलादात. तू जर्मनचं एम. ए. करते आहेस, तर यादी तू कर. कंपनीच्या मॅडम मुंबईला आल्या होत्या, त्यांच्यापुढे तुझी अशी तारीफ केली की मलाच खरी वाटायला लागली. म्हणाल्या, यादी निर्दोष उतरली तर मुलीला वर्षभर आमच्या कचेरीत घेऊ, राहण्या-जेवणासकट. एवढ्यात पुतळाला सांगू नकोस. तुझी आई आहे, पण माझी बहीण आधी आहे. आजपासूनच लोणच्याच्या बरण्या बांधायला घेईल.

पोर्तुगीजची काळजी सोड. ती आपल्या घरची आहे.

लोभ आहे तो ठेव, वाढला तर ओझं होणार नाही.
तुझा
वाळूमामा


पुणे
३ जुलै १९८८

ती. स्व. वाळूमामांस कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा शब्दांसाठी आणि दोनदा हाम्बुर्गसाठी. आईला सांगितलेलं नाही, पण वसतिगृहातल्या मंगलाला सांगितलं, आणि तिनं सगळ्या मजल्याला. आता नळावर पाणी भरतानाही मुली मला जर्मनीहून परत कधी आलीस म्हणून विचारतात. मामा, खरं सांगते, मी आजवर नंदुरबार आणि पुणं सोडून काही पाहिलेलं नाही. ज्या भाषेत स्वप्नं पडायला लागली ती बोलणारा गाव एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. एवढंच.

यादी सोबत आहे. बाराही जनावरं, पाचही भाषा. जर्मन, फ्रेंच माझं, स्पॅनिश आणि इटालियन दोन सरांकडून तपासून घेतलं आहे. पोर्तुगीज तुमच्याकडे आहे हे माहीत असूनही कोशात पाहिलं, आणि आमच्या ग्रंथालयात गोव्याच्या एक बाई आहेत त्यांना विचारलं. राग मानू नका. तुम्ही गाईला मिमोझा म्हणता. पण बघा, स्पॅनिशमध्ये गाय वाका, इटालियनमध्ये वाक्का, आणि पोर्तुगीजमध्येही वाका. घोडा काबायो, काव्हाल्लो, तसाच पोर्तुगीज कावालु. सगळ्या एका घरच्या बहिणी दिसतात. त्यांच्या पंगतीत मिमोझा आणि फिदाल्गु दुसऱ्याच लग्नातून आल्यासारखे बसतात.

एक विचारू? साहेबांच्या घरी दुसरी गाय होती का? दुसरा घोडा, दुसरा कुत्रा? आपण घरच्या गाईला कपिली म्हणायचो, तसं तर नसेल? असलं तर डाय कोरण्याआधी बदलायला हरकत नाही. या यादीखाली माझं नाव आहे, मामा, आणि मला तिकडे जायचं आहे.

मामींना नमस्कार. तुमच्या मायेत अंतर पडू देऊ नये.
तुमची
कावेरी


डोकमर्डी, सिल्वासा
१९ जुलै १९८८

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पाहिली. अक्षर मोत्यासारखं आहे. पप्पूनं, म्हणजे माझ्या डायच्या कारीगरानं, ती मशीनच्या वर चिकटवली आहे आणि उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली आहे.

दुसरी गाय नव्हती. घोडा एकच, कुत्रा एकच. पण त्यानं काय होतं? आंबा एकदा खाल्ला तरी आंबाच. पोरी, माझे हे कान तू ओळखत नाहीस. मी ऑफिसात बसून, पंखा चालू असताना, चार नंबरच्या मशीनचा नट ढिला आहे हे ऐकतो. शेठ लोक माझ्यासमोर गुजरातीत भाव ठरवतात, त्यांना वाटतं खानदेशी माणसाला काय कळतंय, आणि त्यावर मी आज ही फॅक्टरी उभी केली आहे. तीन वर्षं साहेब रोज सकाळी गोठ्याच्या दारात उभे राहून मिमोझा म्हणायचे आणि गाय मान वळवायची. त्या गाईला कळलं ते तुझ्या कोशाला कळत नसेल तर चूक कोणाची? गोव्याच्या बाईंचं पोर्तुगीज पुस्तकातलं. माझं तोंडातलं.

तर तीन शब्द माझे ठेवले, बाकी नऊ तुझे. शनिवारी पप्पूकडून कोरून घेतले. बिचारा दोनदा विचारायला आला की शेठ, ताईंच्या कागदात वेगळं आहे. त्याला म्हटलं, ताईला मी खांद्यावर घेऊन फिरवलं आहे. आता ते पोलादात आहे आणि पोलाद खोडरबरानं पुसत नाही. तू कोट शिवायला टाक. तिकडे थंडी फार.

माया पातळ करू नकोस.
तुझा
वाळूमामा


पुणे
२७ फेब्रुवारी १९८९

ती. स्व. मामांस कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

हाम्बुर्गहून मॅडमचं पत्र आलं. तुम्हालाही आलं असेलच. लिहितात की लिस्बनला पाठवलेले सगळे खोके दुकानदारांनी परत केले. तिथल्या एका दुकानदारानं लिहिलं आहे, की आमच्या मुलांना गाय म्हणजे काय हे शिकवायचं आहे, कोण्या शेतकऱ्याची गाय कोणती ते नाही. मिमोझा हे तिकडे गाईचं नाव ठेवतात, फिदाल्गु घोड्याचं, पिलोतु कुत्र्याचं. आमच्या कचेरीत आठवडाभर सगळे एकमेकांना पिलोतु म्हणत होते, असंही त्यांनी लिहिलं आहे. वाईट हेतूनं नाही.

पुढचं वाक्य मात्र मी पाठ केलं आहे. श्रीयुत बोरसे यांनी कळवल्याप्रमाणे संपूर्ण यादी आपण केली असल्यामुळे आपल्याला कचेरीत घेण्याचा विचार आम्हाला सोडावा लागत आहे.

मामा, तुम्ही कळवल्याप्रमाणे.

मी भांडत नाही. त्यांनी एक वाट उघडी ठेवली आहे. काही गैरसमज असेल तर एकतीस मार्चपर्यंत कळवावं. मी कळवलं तर ते रडगाणं होईल. तुम्ही दोन ओळी लिहा, की ते तीन शब्द माझे होते, मुलीनं मला सावध केलं होतं. माझं तीन जुलैचं पत्र तुमच्याकडे आहे, तेच जोडलं तरी चालेल. भाषांतर मी करून देईन. तुम्ही फक्त सही करा.

वाट पाहते.
तुमची
कावेरी


डोकमर्डी, सिल्वासा
२२ मार्च १९८९

चि. कावेरीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मध्ये सुरंगी गावात लग्न होतं, मग तुझ्या मामीचा गुडघा. सोबत एक साडी पाठवतो आहे, सुरतेची, आणि तुझ्या नावाचा एक सेट. रंग छान आले आहेत. गाय तर अशी की आता हंबरेल.

तू म्हणतेस ते पत्र लिहायला तीनदा बसलो. पण समजून घे. लिस्बन गेलं तरी जर्मनी, फ्रान्सचं काम चालू आहे. किलवणी गावची आणि आपल्याकडची मिळून पस्तीस माणसं या यादीवर जेवतात. यादी मुलीची होती म्हटलं तर ते म्हणतात, शिकाऊ मुलगी, चुकली, सोडून द्या. मालकाचीच चूक म्हटलं तर म्हणतील, मालकच असा तर माल कसा? आणि बाहेर बोर्डावर मोसु लिहिलेलं. त्या मोसुलाच पोर्तुगीज येत नाही असं मी माझ्या सहीनं लिहू? गावात हसतील. इथले इंजिनियर आधीच चहाच्या टपरीवर मला पिलोतुशेठ म्हणतात, आणि माझे कान तर तुला माहीत आहेत, ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं.

तू हुशार आहेस, तुला दुसरी संधी येईल. मला हीच होती.

रागावू नकोस म्हणत नाही. कमी राग.
तुझा
वाळूमामा


पुणे
९ एप्रिल १९८९

ती. स्व. मामांस नमस्कार.

एकतीस मार्च होऊन गेली. माझ्या जागी दिल्लीची एक मुलगी जाते आहे. नाशिकच्या एका शाळेत मला इंग्रजीच्या तासांना घेतलं आहे, जूनपासून रुजू होईन.

आईला मी सांगितलं की परीक्षेत गुण कमी पडले. तुमचं नाव घेतलं नाही. ती भाऊबीजेला तुमच्याकडे येते आणि वर्षभर तेवढ्याबद्दलच बोलते, म्हणून.

साडी आईला दिली. सेटमधली अकरा जनावरं मंगलाच्या भाच्याला दिली. गाय ठेवून घेतली आहे.

कावेरी


डोकमर्डी, सिल्वासा
१७ जानेवारी १९९३

चि. कावेरीस वाळूमामाचा आशीर्वाद, चालत असेल तर.

पावणेचार वर्षांत तुझं अक्षर पाहिलं नाही. पुतळाकडून कळतं की शाळेत मुलं तुला घाबरतात. बरं आहे.

गेल्या मंगळवारी इथं एक परदेशी बाई आल्या. पन्नाशीच्या जवळच्या, पांढरी टोपी, हातात जुना अल्बम. वडिलांचं घर पाहायचं होतं. घर कसलं, तिथं आता गोदाम आहे. मला कोणीतरी येऊन सांगितलं आणि मी जेवणावरून उठून धावलो. कावेरी, ती साहेबांची मुलगी. मी होतो तेव्हा सात-आठ वर्षांची असेल, गाईचं दूध पेल्यानं न पिता थेट ओंजळीनं प्यायची. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मोसु, मोसु. ती गोंधळून हसली. तिला ओळख पटेना. मग मी मिमोझा म्हटलं, तशी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. सोबतच्या गुजराती ड्रायव्हरला इंग्रजीत सांगायला लागली, की ती आमची गाय होती, नाव मी ठेवलं होतं. मी ठेवलं होतं, असं म्हणाली.

तू सरळ विचारलं होतंस, दुसरी गाय होती का. उत्तर मी माझ्याच हातानं लिहिलं, आणि तरी ऐकलं नाही. चार नंबरचा नट ऐकणारे कान.

रात्री न थांबता हाम्बुर्गला पत्र लिहिलं. आपल्या मराठीत लिहिलं आणि इथल्या विलास म्हणून एका इंजिनियरकडून इंग्रजी करून घेतलं. तोच मला पिलोतुशेठ म्हणायचा. वाचल्यावर त्यानं टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. तीन शब्द माझे, मुलीनं सावध केलं होतं, खोटं मी कळवलं, खाली सही. तुझं तीन जुलैचं पत्र जोडलं आहे. ते मी फेकलं नव्हतं. पण मॅडम दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या आणि दिल्लीची मुलगी तिथं कायम झाली, हे विलासनं फोन करून विचारलं तेव्हा कळलं. म्हणजे हे पत्र कोणाच्या टेबलावर जाईल ते माहीत नाही. नक्कल तुला पाठवतो. उपयोग नाही, तुझी आहे म्हणून.

पुतळाला येत्या भाऊबीजेला मी स्वतः सांगणार आहे. ओवाळलं नाही तरी चालेल.

माझ्यावरच्या लोभातलं काही उरलं असलं तर तुझ्याजवळच ठेव.
वाळू बोरसे

ता. क. बाईंनी अल्बममधला एक फोटो मला देऊन टाकला. गोठ्यासमोर गाय, घोडा, कुत्रा, आणि कासरा धरून मी. मागे साहेबांच्या हातानं लिहिलेलं आहे, मिमोझा, फिदाल्गु, पिलोतु, आणि शेवटी मोसु. मी बाईंना दाखवलं की बघा, मी. त्यांनी ड्रायव्हरकरवी विचारलं, की हो, पण तुमचं नाव काय होतं? मोसु म्हणजे पोऱ्या. घरगडी असेल त्याला म्हणतात.