गप्प बसलेल्यांचा ठराव

रेवस,
५ फेब्रुवारी २०२५

ती. अंबाजीमामांस,
प्रज्योतचा सविनय जयभीम वि. वि.

आईची आणि माझी तब्येत ठीक. फोनवर तोंडून भलतंच गेलं असतं, म्हणून आधी कच्चं लिहून मग हे पक्कं लिहितो.

काल यार्डाच्या कँटीनमध्ये ‘मनःशांती वर्ग’ म्हणून आम्हा चाळीस जणांना बसवलं आणि शिकवायला तुम्ही आत आलात. माझ्या हातातला चहा सांडला. तुम्ही माझे मामा, हे मी कोणाला सांगितलं नाही. त्याची लाज वाटते. सांगितलं असतं तर त्याचीही वाटली असती.

सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी आमची पाळी. मागच्या महिन्यात क्रेनवरचा सदा भर दुपारी पेंगला आणि हवेतला कंटेनर माझ्यापासून दोन हातांवर आदळला. तेव्हा आठ तासांच्या पाळीसाठी आम्ही अर्ज दिला. अर्ज माझ्या अक्षरात आहे. त्याला उत्तर म्हणून कंपनीने तुम्हाला आणलं. दीपेश म्हणाला, बाबा श्वास मोजायला सांगतात, म्हणजे तास मोजायला नकोत. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

गिरणीच्या गेटवर लाल बावटा घेऊन सव्वीस दिवस बसले होते ते मामा तुम्हीच ना, एवढं कळवा.

लोभ अजून आहे. पुढचं तुमच्या उत्तरावर.
तुमचा,
प्रज्योत

*

पाली,
८ फेब्रुवारी

चि. प्रज्योत यास,
अनेक आशीर्वाद.

तोच मी. अर्जाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे साहेब विहारात आले, कामगारांना धम्म द्या म्हणाले, आणि म्हातारा खुलला. मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि दोन मिनिटांत घोरणं ऐकू आलं. एकाचं नाही, अर्ध्या खोलीचं. चाळीस वर्षं ध्यानाला बसतो आहे, असं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी झोपलेल्यांचा फोटो काढला आणि मला म्हणाले, बघा किती खोल गेलेत. मी कठडा धरून पायऱ्या उतरलो.

तृष्णा हे दुःखाचं मूळ, असं मी तुम्हाला शिकवलं. पण तुझी तृष्णा केवढी? सातऐवजी तीनला घरी जावं, एवढी. आणि दर तीन महिन्यांनी दोनशे कंटेनर जास्त मागणाऱ्यांची? तिला कंपनीत उद्दिष्ट म्हणतात. ती सोडायचा वर्ग कोणी भरवत नाही. भगवंतांच्या संघात जमीन कोणा एकाची नव्हती, पात्रात पडलेलं वाटून खायचं होतं, ठराव सगळ्यांना विचारून व्हायचा. उद्या तुम्हीच मजूर संस्था काढून यार्डाचं काम घेतलंत आणि पाळ्या तुम्ही ठरवल्यात, तर ते धम्माच्या जास्त जवळचं.

मंगळवारी पुढच्या रांगेत बस. तुझ्या आईला, नीराला सांग, तिचा भाऊ अजून पुरता विकला गेलेला नाही.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
अंबाजीमामा

*

रेवस,
१२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र लिहिताना दोन कागद फुकट गेले.

काल मुंबईच्या ऑफिसातल्या बाई शूटिंग करत होत्या आणि साहेब आमच्यात डोळे मिटून बसले होते. वर्गात कोणी बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. तुम्ही श्वासाचं सांगता सांगता त्याच आवाजात म्हणालात, संघात ठराव तीनदा ऐकवतात; मान्य असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. ठराव असा, की एक मार्चपासून आठ तासांनंतर यार्डात कोणी काम करणार नाही. दुसऱ्यांदा ऐकवलात तेव्हा साहेबांनी डोळे उघडले, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. तिसऱ्यांदा फक्त पंख्याचा आवाज होता. ठराव मंजूर, म्हणून तुम्ही घंटा वाजवलीत.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं, की हे माझे मामा.

पण मामा, मी गप्प राहिलो ते मान्य होतं म्हणून नाही. घरात पगार माझ्या एकट्याचा. माझ्यासारखे आणखी किती होते, मला माहीत नाही. भीतीने गप्प बसलेल्याला संघात कशात धरतात?

रागावू नये.
तुमचा,
प्रज्योत

*

पाली,
१५ फेब्रुवारी

चि. प्रज्योत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चहा तसाच राहिला. साहेबांना त्यांच्याच नियमात पकडलं म्हणून मी चार दिवस खुशीत होतो. तुम्हालाही पकडलं, हे लक्षातच आलं नाही. भिक्षू नाही म्हणाला म्हणून त्याचं जेवण बंद होत नव्हतं, म्हणून त्याच्या गप्प राहण्याला किंमत होती. तुमच्या तोंडावर आधी कंपनीचा हात होता, त्यावर मी माझा ठेवला.

तो ठराव मी मागे घेतो. सदाला सांग, रविवारी सगळ्यांना धक्क्यावर बोलाव. साहेबांशिवाय आणि माझ्याशिवाय. प्रत्येकाने तोंडाने बोलायचं. नाही म्हणेल त्याला टोचून बोलायचं नाही. काहीच ठरलं नाही तरी कळव.

वर्ग बंद केल्याचं पत्र कंपनीने मला पाठवलं आहे.

तुझ्यावर लोभ होता, आता तुझा थोडा धाकही वाटतो.
अंबाजीमामा

*

रेवस,
१ मार्च २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

रविवारी धक्क्यावर सदतीस जण आले. अकरा नाही म्हणाले. त्यांतल्या चांगदेवकाकांच्या मुलीचं लग्न एप्रिलमध्ये आहे. नाही म्हणताना त्यांना रडू आलं, तेव्हा सदानेच त्यांना पाणी दिलं. मी शेवटी बोललो. हो म्हणालो, पण इतकं हळू की पुन्हा विचारावं लागलं. मग असा ओरडलो की लाँचमधले उतारू वळून बघायला लागले.

आज तीन वाजता सदाने कंटेनर नीट टेकवला आणि खाली उतरला. माणसं गेटकडे चालायला लागली. कोणाच्या परवानगीने, असं साहेब विचारत होते. दीपेश त्यांना म्हणाला, तुम्हीही होतात की, तीनदा विचारलं होतं.

मी तीनला निघालो नाही. तुम्हाला खोटं कळवणार नाही. तीन वाजून सात मिनिटांनी कंटेनरच्या नोंदींचं माझं रजिस्टर मिटलं. सात मिनिटं घाबरण्यात गेली. सोमवारी सव्वीस जणांना ऑफिसात बोलावलं आहे. काय होईल, ठाऊक नाही.

सदा गेटवर थांबला होता; त्याच्या घरापर्यंत आम्ही बरोबरच आलो. चांगलं ऊन होतं. त्याची बायको ठमी अंगणात मासळी वाळत घालत होती. आम्हाला पाहून ती उठली. सदाचे दोन्ही हात धरून तिने उलटेसुलटे करून पाहिले, मग माझे पाहिले, आणि विचारलं, कोण गेलं. कोणी नाही, पाळी सुटली, हे तिला पटायला बराच वेळ लागला.

लोभ आहे, हे या वेळी विचारल्याशिवाय लिहितो.
तुमचा,
प्रज्योत