हिरव्या पेट्यांची किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. अमृत म्हणाला, आई, पंपाच्या स्टार्टरची आपली दोन हजार सर्किट-कार्डं पुण्याची कंपनी घेणार, पण त्यात शिसं औषधालासुद्धा चालत नाही. बिनशिशाच्या मालाची पाकिटं हिरव्या पेट्यांत, जुना शिशाचा माल लाल पेटीत, आणि लिहायला हिशेबी माणूस पाहिजे. असा माणूस आमच्या मानवत गावात एकच. सूनबाईने तोंड वाकडं केलं. डिप्लोमा झालाय ना तिचा.
संकल्प: दीपिकाशी कामापुरतंच बोलायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प मोडला. तिच्यामुळं. म्हणे प्रत्येक पाकिटाचा लॉट नंबर लिहा, कुणी काढलं, कुणी ठेवलं, किती वाजता. मी म्हणाले, माझ्या स्वयंपाकघरात बेचाळीस डबे हायेत, एकावर चिठ्ठी न्हाई, तीस वर्षांत चूक न्हाई. तर म्हणाली, दिवाळीला चिरोट्यांवर मीठ भुरभुरलं होतं की, आई.
एकदाच. पाहुण्यांनी खाल्ले.
हातमोजे वापरून फेकायचे म्हणे! मी धुऊन दोरीवर वाळवले. शेजारची कासाबाई विचारती, घरात दवाखाना काढलाव का ओ? तिच्याकडं नंतर बघते.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी भिंतीपलीकडचं ऐकू आलं. कान लावला नव्हता. ऑर्डर हुकली तर दोघं पुण्याला नोकरीला जायलेत. जाऊ देत. मला काय. शांत झोपेन.
संध्याकाळी मारुतीला गेले. शेंदूर उरला. वाया कशाला घालवायचा? हिरव्या पेट्यांतल्या एकेका पाकिटाच्या पाठीला टिळा लावला. लाल पेटीला न्हाई, तिला देवाचं काय काम. दीपिकाला सांगितलं नाही. डिप्लोमावाल्यांना देव कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुसरा हात दिला. एकूण टिळे १८४. रजिस्टरात नोंद नाही. देवाचं खातं वेगळं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या पुण्याच्या कंपनीची तपासणी. दीपिकाने लेबलं तीनदा बघितली. सासूवर इतका अविश्वास! साहेबांनी विचारलं की स्टोअर कोण बघतं, तर काय बोलायचं ते पाठ केलं. जरीकाठाची साडी काढली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांचं नाव दिनकरराव. हातात पिस्तुलासारखं मशीन. टेकवलं की शिसं सांगतं. लाल पेटीवर ओरडलं. बरोबर. मग हिरव्या पेटीतलं पाकीट उलटंसुलटं करून टेकवलं. ओरडलं. दुसरं. ओरडलं. सगळीच ओरडली.
मी साहेबांसमोरच बोलले, माल सूनबाईने भरलाय, माझ्याकडं फक्त किल्ली. तिचा चेहरा पिठासारखा झाला. लय समाधान वाटलं. पाच मिनिटं.
मग तिने एक पाकीट उलटं धरलं, बोट लावून वास घेतला, माझ्याकडं बघितलं. कापसाच्या बोळ्याने पाकीट पुसलं अन् साहेबांना म्हणाली, आता लावा. मशीन गप्प. तिच्या लाल बोळ्यावर लावलं. बोंबललं.
साहेब म्हणाले, शेंदरात शिसं असतं, मावशी.
मावशी! मी म्हणाले, तुमच्या मशीनला भक्ती न्हाई. कुणी हसलं नाही. साहेब आठ दिवसांनी परत बघणार. अमृत जेवला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
दोघं नवी पाकिटं भरायलेत. मदत करू का विचारलं. दीपिका म्हणाली, आई, तुमी बसा. बसले. माळ्यावर पुण्याला न्यायच्या दोन बॅगा होत्या, त्या मागं ढकलून वर गोधड्या टाकल्या. माळा आवरायचाच होता.


२९ नोव्हेंबर, शनिवार
मशीन गप्प. ऑर्डर मिळाली, पुणं रद्द. टिळ्यांचा गुण आला, जरा उशिरा.
किल्ली दीपिकाच्या कमरेला. ठेवू दे, माझी कंबर दुखतच होती.
मारुतीला निघाले तर देव्हाऱ्यात शेंदराची डबी नाही. लाल पेटीत सापडली. वर चिठ्ठी: शेंदूर. शिसेयुक्त. लॉट १. नेताना-ठेवताना सही.
नेताना सही केली. आल्यावर हात धुऊन डबी ठेवली, पुन्हा सही केली. दारापर्यंत गेले तर दीपिकाने माघारी बोलावलं. वेळ लिहायची राहिली होती.