लुडच्या काठीचा पुढचा दांडा

मंगळवार, २ ऑक्टोबर २०१२

टक्— घडडड! एक लघु, एक गुरु. साठ वर्षं झाली, तरी कानातून जात नाही. शाळेत सिस्टर बेनिग्ना बाकावर पट्टी आपटून कविता पाठ करून घ्यायच्या. पण वृत्त मी शिकलो ते सेंट क्लेअर रस्त्यावरच्या ग्राबेकच्या पूल-बिलियर्ड्सच्या हॉलच्या जिन्यात बसून. आत थोरला भाऊ लुड खेळत असायचा. आधी त्याच्या काठीचा ठोका, मग टेबलाच्या पोटातून चेंडूचं घरंगळणं.

ईस्टरनंतर लुड गेला. आज त्याची काठी माझ्या मांडीवर आहे. जाड मागचा भाग मेपलचा, त्यात रुतलेली शिसवाची लांब टोकं, पुढे निमुळता दांडा, मधे दोन्ही जोडणारा पेच.

मार्लीन— बहिणीची लेक— म्हणाली, "मामा, तुम्हाला माझ्याकडे खोली दिलीय, गोदाम नाही! विकून टाका." विकू. पण लुड जन्मभर सांगत राहिला, 'शिकागोच्या कारागिरानं माझ्या हाताच्या मापानं केलीय,' आणि सगळी आळी हसत राहिली— 'तारेच्या कारखान्यातला पोरगा, म्हणे शिकागोची काठी!' तो खरं बोलत होता, एवढं मला कळू दे. मग खुशाल जाऊ दे.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

लिंबाच्या तेलानं चोळून पुसली. लखलखतेय!

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

घोडचूक! पार्माला ऑर्विल स्टँपरच्या दुकानात नेली. जुन्या काठ्यांतला जाणकार, आणि ते विसरू देत नाही. हुंगून म्हणाला, "काका, काठी आहे की सॅलड? जुनी काठी चोळतात होय? हाताचा मळ हाच तिचा दाखला!"

मग तळाची रबरी टोपी काढली, भिंग लावलं. "कारागिराची सही नाही. तेव्हा पुष्कळ जण करत नसत. पण ही टोकं बघा, चारही एका उंचीला, सुईसारखी. काम शिकागोचंच."

डोळे भरून आले. लुड, ऐकलंस?

"पण दांडा हिचा नाही," ऑर्विल म्हणाला. "सांध्याशी वळी बघा. मागे तीन, मधलं चांदीचं. पुढे एकच, तेही पितळी. दोन काठ्यांचं लग्न लावलंय कुणीतरी! आणि किती बारीक! चिमुकल्या हातासाठी केलेला. तुमच्या भावाचा हात कसा होता?"

"फावडं."

"मग मापाची गोष्ट विसरा. मागचा भाग कुठेतरी जुन्यात मिळाला असेल."

जोडीचा दांडा मिळाला तर मोल कितीतरी वाढेल, म्हणून त्यानं काठीचा फोटो संगणकावर टाकला. खाली माझा पत्ता, आणि— 'लुडविक झुपानची काठी. पुढचा दांडा परत हवा.'

घरी येताना बसमध्ये मान वर करवेना. आळीच खरी होती तर.

बुधवार, १० ऑक्टोबर

कोलंबस शहरातलं एक गिऱ्हाईक वीस तारखेला घरी येतंय. ऑर्विल म्हणतो, "वळी जुळवून नवा दांडा घडवतो. तो बारका टाकून द्या." बरं म्हणालो. मार्लीन खुशीत पोतिका, आमचा अक्रोड भरलेला गोड पाव, घेऊन आली. अक्रोडाला हात आखडता— तिच्या आजीनं ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.

सोमवार, १५ ऑक्टोबर

कॉफी ओतता ओतता हात थांबला. हॉलची रीत! मी कसा विसरलो?

कुणी लष्करात किंवा सरोवरावरच्या बोटींवर निघालं की आपला पुढचा दांडा जिवाभावाच्या माणसाकडे ठेवायचा, त्याचा आपण न्यायचा. परत येऊन अदलाबदल करायचीच, नाहीतर दोघांच्याही काठ्या अर्ध्या. लुड कोरियाला गेला. परत आला तेव्हा ठोका बदललेला— कोवळा, घाबरा. लघु-लघु! आई म्हणायची, "लढाईनं पोराचा हात गेला." आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. तो कधी काही बोलला नाही. पुढे खेळणंच सोडलं.

हात नव्हता गेला! दांडा दुसऱ्याचा होता!

पण कुणाचा? ग्राबेककडे चिमुकल्या हाताचं कोण होतं? सगळे लोखंड ओतणारे. बायकांना तर जिना चढायचीही बंदी.

ऑर्विलला फोन केला— दांडा टाकायचा नाही.

"काका, किंमत निम्म्यावर येईल!"

"येऊ दे."

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

उद्या गिऱ्हाईक. काठी जोडून उशीवर एक ठोका मारला. उशी कसली बोलते!

शनिवार, २० ऑक्टोबर

दार वाजलं. गिऱ्हाईक समजून काठी हातात घेऊनच उघडलं. एक म्हातारी. धापा टाकत होती. हातात चामड्याची लांब नळी, तिच्यातून डोकावणारा जाडजूड दांडा, त्यावर तीन वळी, मधलं चांदीचं. आणि ते हात— लहान मुलीचे असावेत तसे.

ती माझ्याकडे नाही, काठीकडे बघत होती. पितळी वळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा माझा." मग माझ्या खांद्यावरून आत डोकावली.

"लुडविक कुठाय? संगणकावर वाचलं, साठ वर्षांनी दांडा परत मागतोय, म्हटलं स्वतःच न्यावा. मला तर सांगितलं होतं, तो कोरियाहून परत आलाच नाही."

"आत या," म्हणालो.