डब्यातलं दूध

आई, तू गेलीस तेव्हा माझी लेक शाळेतही जात नव्हती. आता तिला मुलगा झालाय. तो अजून पालथाही पडत नाही, तोवर तिच्या छातीत गाठ निघाली. साधी नाही, कॅन्सरची. परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमो ताबडतोब सुरू करा, आणि सुरू झाली की बाळाला अंगावर पाजायचं नाही. लेकीने एकदा तारीख पुढे ढकलून घेतली. "तो दुसरं दूध प्यायला लागल्याशिवाय मी जाणार नाही, मम्मी," म्हणते. आणि तो काही केल्या पीत नाही. बाटली ओठाला लागली की मान फिरवतो, रडून घर डोक्यावर घेतो. गाठ काही त्याच्यासाठी थांबणार नाही. हे मला कळतं, तिला कळतं, त्याला कसं कळावं?

गंमत बघ, जन्मभर मी कॉलेजात हेच शिकवलं. फळ्यावर दोन रकाने, आईचं दूध आणि डब्यातलं दूध. गाईच्या दुधातली प्रथिनं तान्ह्याला जड, म्हणून डब्यात त्यांचं प्रमाण बदललेलं, लॅक्टोज वाढवलेलं, वर तेलं, लोह, जीवनसत्त्वं. त्यावर मूल नीट वाढतं, हे मी मुलींना ठासून सांगायची, आणि ते खरंच आहे. मग दुसरा रकाना. आईचं दूध आधी पातळ येतं, पाजता पाजता दाट होत जातं, आणि रोगाशी लढणारं त्यात जे असतं ते डब्यात जसंच्या तसं आणता येत नाही. माझ्या परीक्षेच्या वेळी घोडपदेवच्या खोलीत तू स्टोव्हपाशी बसून माझं हे पाठांतर ऐकलंस आणि म्हणालीस, "पुस्तकातला दूध खयचा पोर पिता गो?" मी चिडले होते. तुझं सोपं होतं. शेजारीण तापाने फणफणली तेव्हा तिची मुलगी तू माझ्याबरोबर पाजलीस, असं ती शेजारीणच सांगायची. आज मी कोणाकडे जाऊ? दूधपेढीत विचारून आले. तिथलं दूध कमी दिवसांच्या बाळांनाच पुरत नाही, आणि आमचा चांगला गुटगुटीत.

परवा लेकीची समजूत घालायला बसले आणि तोंडातून अख्खं लेक्चरच बाहेर पडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "मम्मी, त्यात काय काय असतं ते मला पाठ झालंय. तो का पीत नाही ते सांग ना." समोरच्या काकू म्हणाल्या, गाईच्या दुधात पाणी घाल, वावडिंग टाकून उकळ, आम्ही तेच पाजलं. मी त्या बिचारीवरच ओरडले. मग नवस बोलून झाला, दृष्टही काढली. पोषणशास्त्राची बाई मीठ-मोहऱ्या ओवाळतेय, हसली असतीस तू.

आज दुपारी लेकीला भोईवाड्याच्या तिच्या घराच्या गॅलरीत उभं केलं आणि दार लावून घेतलं, कारण तिचा वास आला की तो दुसरं काही तोंडाला लावूच देत नाही. बाटली बाजूला ठेवली, वाटी-चमचा घेतला. पहिला चमचा गळ्यावरून ओघळला. दुसरा त्याने जिभेवर घोळवला. आणि आई, मग तो पीतच सुटला. मिटक्या मारत, चमच्याला जरा उशीर झाला की पाय झाडत. वाटी संपली तेव्हा माझ्याकडे बघून हसला. मी दार उघडलं. लेकीचा गाऊन छातीशी भिजला होता.

"घेतलं का गं?"

"घेतलं. सगळं."

ती तिथेच खाली बसली. मग हळूच म्हणाली, "आवडलं त्याला?"

जन्मभर मी अचूक सांगण्याचाच पगार खाल्ला. "छे गं," म्हटलं, "नाइलाजाने घेतलं. सारखा दाराकडे बघत होता."

ती रडली, डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावून सोमवारची वेळ घेतली. आता बाळाला कुशीत घेऊन पाजतेय, सोमवारपर्यंत पाजणार म्हणते. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. घरात ठेवलं तर तिच्या हाती लागेल, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. त्याने एकदाही दाराकडे बघितलं नाही, आई. हे तिला कळायला नको.