भगरीचं पीठ

निलंगा,
२० मार्च २०२६

ती. उमाशंकर अण्णास,

सुकन्याचा शरणार्थ. वहिनींना नमस्कार, अंजूला आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी मुलाखत टीव्हीवर पाहिली. देशात खाण्यातून किती लोक आजारी पडतात, किती दगावतात, याचा अंदाज तुमचं ऑफिस काढतंय म्हणे. तू म्हणालास, "गावाकडं लोक सांगतच नाहीत, दवाखान्यात कुणी विचारतही नाही." शेजारच्या सिंधुकाकू म्हणाल्या, "तुझा भाऊ लई हुशार हाय गं." मी हाव म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

अण्णा, लातूरच्या दवाखान्यात विचारलं होतं की. शिवरात्रीला अव्वानं पोटच्या पोराच्या, आपल्या वीरण्णाच्या दुकानातल्या भगरीच्या पिठाची भाकर खाल्ली. संध्याकाळी उलट्या, अंगाला थरथर. दुसऱ्या दिवशी गेली. तू दिल्लीहून पोचलास तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "आजींनी काय खाल्लं होतं? शवविच्छेदन करावं लागेल." मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "वय झालं होतं. हृदय कमजोर होतं. फाडाफाडी नको." परतताना गाडीत मला म्हणालास, "वीरण्णाचं दुकान बसेल. गेलेली अव्वा काही परत येत नाही."

तू मोठा, त्यात याच विषयातला. तुझ्यापुढं मी काय बोलणार?

वीरण्णानं ते पीठ फेकलं नाही. घरी भांडी घासायला येणाऱ्या चतुराबाईला दिलं. "चांगलं हाय, घेऊन जा." एकादशीला तिच्या घरी त्याच्या भाकरी झाल्या. चतुराबाई वाचली. तिची सून तनुजा वाचली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आरोग्य खात्याची माणसं चतुराबाईच्या दारात आली, तेव्हा मी तिथं बसले होते. पीठ कुणी दिलं, असं त्यांनी तिला विचारलं. "मालकाचं नाव कसं घेऊ, बाई?" म्हणाली. मग मी घेतलं. पीठ कुठलं ते सांगितलं. अव्वाचं सांगितलं. दवाखान्यात तू काय बोललास, तेही सांगितलं. तुझ्या नावासकट.

दुकानाला सील लागलं. वीरण्णा म्हणाला, "आमच्या लेखी तू मेलीस." त्याचं घर सोडून मी आता शाळेजवळ खोली केली आहे. परवा तू फोन केलास. पहिलंच वाक्य, "माझं नाव कशाला घेतलंस?" मेलेली पोरगी कोण, काय वयाची, तू विचारलं नाहीस. मी सांगायला लागले, तर फोन कापलास.

आता लातूरहून आरोग्य खात्याच्या साहेबांचा फोन तुला येईल. ते विचारतील, आईनं काय खाल्लं होतं. या वेळी खरं सांग. न सांगितलंस तर मी पुन्हा सांगेन.

तुझी कोण, ते तूच ठरव,
सुकन्या