चौथा प्लग

१७ सप्टेंबर, संध्याकाळ

ट्रकचे जुने स्पार्क प्लग बदलायला घेतले; तीन निघाले. चौथा अर्धा फेरा फिरून जो रुतला तो रुतलाच, आणि पाना त्याच्यावर अडकून उभा. इंजिन गरम असताना हात घालायला नको होता, पण धीर कुणाला? बँकेतली नोकरी सोडून हा छोटा ट्रक घेतला. उद्या पहाटे पाचला मंडीतून हॉटेलची भाजी उचलायची, तीही पहिल्यांदाच.

सकाळी आई म्हणाली होती, "आज विश्वकर्मा पूजा आहे, अवजारांना हात लावू नकोस." मी ऐटीत म्हटलं, "ती इथल्या लोकांची. आपली अवजारं खंडेनवमीला पुजतात." इथले लोक! मग इथेच, बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात जन्मलेला मी कुठला?

गाड्या दुरुस्त करणाऱ्या रामधनी मिस्त्रीला फोन केला. मागे भजनाचा लाउडस्पीकर. "आज औजार ना छुअब, भइया. कल दस बजे आइब." दहाला येऊन काय उपयोग? आणि आज अख्ख्या बनारसमध्ये दुसरा कोण येणार?

शेवटी ठरवलं, प्लग तुटला तरी चालेल, आपणच काढायचा. चहा पिऊन अंगणात आलो, तर त्या अडकलेल्या पान्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आई पायरीवर वाती वळत बसलेली.

"राहतो तिथलंही पाळावं रे. आता उद्यापर्यंत हलवू नकोस."

अर्धा तास झाला, पान्यासमोर बसलोय. माझा या सगळ्यावर विश्वास नाही. हात मात्र पुढे होत नाही.